टाक्या मिळाल्या, वंशावळ कोण देणार?

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. ज्या सातपाटीने हा मासा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांच्या ताटात पोहोचवला, तिथल्या मच्छीमारांना या मानाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. पण नुसत्या मानाने पोट भरत नाही. पालघर जिल्ह्याचा किनारा आज दोन्ही बाजूंनी दाबला गेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले आणि देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा ही नामुष्की त्याच्या वाट्याला आली. मांगेला समाजाच्या परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखानदारांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. तिकडे उत्तरेला ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये भूमिपूजनही झाले. समुद्राचा भरवसा असा कमी होत चालला, की सरकारदरबारी एक शब्द हमखास ऐकू येऊ लागतो : पूरक व्यवसाय.

या पूरक व्यवसायांच्या यादीत खेकडापालन, कालवेपालन यांच्या जोडीला शोभिवंत मत्स्यपालनाचे, म्हणजे काचेच्या पेटीत ठेवण्याच्या रंगीत माशांच्या पैदाशीचे नाव आता नियमाने असते. कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत ते आहे, केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतही आहे. वरवर पाहता ही कल्पना पालघर-बोईसरला चपखल बसते. मुंबईसारखी बाजारपेठ शंभर किलोमीटरच्या आत आहे, एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते आहे, हवा बहुतेक वर्षभर उबदार असते आणि माशांशी परिचय असलेला समाज इथे आहे. तरीही योजनेची पुस्तिका आणि परसातली टाकी यांच्यामध्ये एक मोठी दरी राहते. ही दरी पैशाची कमी आणि ज्ञानाची अधिक आहे. सरकार टाक्यांना पैसे देते. रंग मात्र टाकीतून येत नाही, तो वंशावळीतून येतो.

अनुदानाचा हिशेब

आधी योजना काय देते ते पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या, २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत गोड्या पाण्यातील रंगीत माशांच्या परसातील संगोपन केंद्रासाठी तीन लाख रुपये, मध्यम केंद्रासाठी आठ लाख रुपये आणि पैदास व संगोपन दोन्ही करणाऱ्या एकात्मिक केंद्रासाठी २५ लाख रुपये प्रकल्पखर्च धरण्यात आला. सर्वसाधारण लाभार्थ्याला यातील ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान ठरले. म्हणजे सातपाटीच्या एखाद्या कोळी भगिनीने किंवा विक्रमगडच्या एखाद्या आदिवासी तरुणाने तीन लाखांचे केंद्र उभारले तर एक लाख ऐंशी हजार रुपये सरकारचे, उरलेले एक लाख वीस हजार त्यांचे. आदिवासीबहुल पालघर जिल्ह्यात ही सवलत लहान नाही. त्याआधी, २०१७ मध्ये, शोभिवंत मत्स्यव्यवसायासाठी केंद्राने ६१.८९ कोटी रुपयांचा एक पथदर्शी कार्यक्रम जाहीर केला होता आणि त्यातील आठ राज्यांत महाराष्ट्र होता.

म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव होता असे म्हणता येणार नाही. प्रश्न असा आहे की, एवढे होऊनही मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानांत विकला जाणारा मासा कोलकात्याहून किंवा चेन्नईहून का येतो? चेन्नईच्या कोळत्तूर भागात घराघरांत आणि शेडांत रंगीत माशांची पैदास चालते. ती काही एखाद्या योजनेने एका वर्षात उभी केलेली नाही. एका कुटुंबाकडे फक्त एंजल, दुसऱ्याकडे फक्त फायटर, तिसऱ्याकडे गप्पी असे विशेषीकरण तेथे घडत गेले आणि त्याबरोबर हाताखालच्या जोड्यांचे ज्ञान साचत गेले. युरोपात झेक प्रजासत्ताकातील हौशी पैदासकारांनी घरातल्या टाक्यांच्या जोरावर असेच नाव कमावले. या दोन्ही ठिकाणी भांडवल टाकीत नव्हते, निवडून राखलेल्या वाणात होते.

रंगाचे गणित

या व्यवसायात सर्वाधिक मागणी असलेल्या गटांपैकी एक म्हणजे सिक्लिड कुळातील मासे. एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पिवळे-निळे मासे हे सारे याच कुळातले. हे कूळ आपल्याला अगदीच परके नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर सिक्लिडच, आणि उजनीच्या जलाशयातली चिलापीही सिक्लिडच. मात्र शोभेच्या सिक्लिडला भाव मिळतो तो वजनावर नाही. तो मिळतो रंगावर, आणि रंग ही आनुवंशिक गोष्ट आहे.

शाळेत मेंडेलच्या वाटाण्याचा धडा आपण सर्वांनीच वाचला आहे. एंजल माशाच्या बाबतीत तो धडा थेट रोजच्या हिशेबाच्या वहीत उतरतो. अमेरिकेतील जोअ‍ॅन नॉर्टन यांनी १९८० च्या दशकात पद्धतशीर संकर करून एंजलच्या अनेक रंगांची आनुवंशिकता मांडली. त्यातील एक साधे उदाहरण घेऊ. एंजलमध्ये गडद रंग देणारे एक जनुक आहे. त्याची एक प्रत आली तर मासा जाळीदार गडद होतो. त्याला बाजारात ब्लॅक लेस म्हणतात. दोन प्रती आल्या तर मासा पूर्ण काळा होतो. आता दोन ब्लॅक लेसची जोडी लावली आणि समजा ४०० पिल्ले वाढली, तर त्यांत सुमारे १०० साधी रुपेरी, २०० ब्लॅक लेस आणि १०० पूर्ण काळी निघणे अपेक्षित असते. नवखा माणूस असा विचार करतो की, काळ्याला भाव जास्त, मग काळ्याशी काळाच का लावू नये? कागदावर हे बरोबर आहे, सगळी पिल्ले काळी होतील. पण त्या जनुकाच्या दोन प्रती घेऊन जन्मलेली पिल्ले अशक्त असतात, सावकाश वाढतात आणि मोठ्या संख्येने मरतात. म्हणून जाणकार काळ्याची जोडी बऱ्याचदा सोनेरी एंजलशी लावतात. गडद आणि सोनेरी ही एकाच जागेवर बसणारी जनुके असल्याने सगळी पिल्ले एक प्रत गडद आणि एक प्रत सोनेरी अशी निघतात. ती काळपट दिसतात आणि धट्टीकट्टी वाढतात.

सोनेरी रंगाचे गणित उलटे आहे. ते जनुक रुपेरीपुढे अप्रभावी. सोनेरी आणि शुद्ध रुपेरी यांच्या जोडीतून आलेली सगळी पिल्ले रुपेरीच दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटी सोनेरी रंग दडलेला असतो. याच भावंडांची जोडी पुढे लागली की एक चतुर्थांश पिल्ले सोनेरी निघतात. म्हणजे दुकानातून आणलेल्या एका रुपेरी माशाच्या अंगात काय लपले आहे, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. ते त्याच्या आईबापांची नोंद पाहून कळते, आणि नेमकी ही नोंद आपल्याकडच्या बाजारात माशाबरोबर येत नाही. पालघरच्या लाभार्थ्याने अनुदानातून टाक्या बांधल्या आणि घाऊक व्यापाऱ्याकडून मिळतील त्या जोड्या टाकल्या, तर तो रंगाची शेती करत नाही, सोडतीचे तिकीट काढतो.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. एकाच विणीतली भावंडे घेऊन पिढ्या चालवल्या की रंग पक्का होतो, पण आखूड कल्ले, वाकडे कणे, कमी अंडी हे दोषही पक्के होतात. म्हणून गंभीर पैदासकार एकमेकांशी नाते नसलेल्या दोन-तीन ओळी वेगवेगळ्या टाक्यांत जपतो, दर विणीची तारीख, जोडी आणि निघालेले रंग लिहून ठेवतो आणि सदोष पिल्ले निष्ठुरपणे बाजूला काढतो. यासाठी लागते ती शिस्त. एक वही आणि एक पेन यापलीकडे खर्च नाही. पण योजनेच्या कोणत्याही मंजुरीपत्रात ही वही दिसत नाही.

पहिले दहा दिवस

रंग जुळला तरी पिल्ले जगली पाहिजेत. एंजलची मादी पानावर किंवा उभ्या पाटीवर काही शे अंडी चिकटवते. २७-२८ अंश तापमानात ती दोन-अडीच दिवसांत फुटतात. मग पुढचे चार-पाच दिवस पिल्ले तिथेच चिकटून वळवळत असतात आणि स्वतःच्या पोटातील बलकावर जगतात. त्यानंतर ती मोकळी पोहू लागतात, आणि खरी परीक्षा इथे सुरू होते. एवढ्या लहान तोंडाला कोरडे खाद्य चालत नाही, जिवंत हलणारे खाद्य लागते. आणि सर्वमान्य खाद्य म्हणजे आर्टेमिया या खारजलीय कोळंबीवर्गीय जीवाची ताजी उबवलेली पिल्ले. खाऱ्या पाण्यात आर्टेमियाची अंडी साधारण एका दिवसात उबतात. याचा अर्थ असा की, पिल्ले पोहू लागण्याच्या आदल्या दिवशीच खाद्य उबायला घातले पाहिजे. एक दिवस चुकला की वीण गेली. पुढे रोज पाणी बदलणे, तळाची घाण नळीने ओढून काढणे, गर्दी कमी करणे ही कामे दिवसातून दोनदा करावी लागतात. साधारण दोन महिन्यांत पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढे होते आणि विक्रीला येते.

हे आर्टेमिया आपण मुख्यतः परदेशातून डब्यांत आणतो आणि लहान पैदासकाराच्या खर्चाचा तो मोठा भाग असतो. गंमत अशी की, मुंबईच्या परिसरातील मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद १९५० च्या दशकातच झाली होती आणि वसईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्याला मिठागरांची जुनी परंपरा आहे. ज्या जिल्ह्यात मीठ पिकते त्या जिल्ह्याने माशांच्या पिल्लांचे खाद्य सातासमुद्रापलीकडून आणावे, याकडे मत्स्यव्यवसाय खात्याने एकदा गंभीरपणे पाहायला हवे.

सगळे सिक्लिड सारखे नाजूक नसतात. मलावी सरोवरातील बऱ्याच जातींची मादी फलित अंडी तोंडात धरते आणि जवळपास तीन आठवडे न खाता सांभाळते. पिल्ले थोडी, पण आकाराने मोठी निघतात आणि पहिल्याच दिवसापासून बारीक चुरा खातात. नवशिक्यासाठी हा मार्ग सोपा आहे. मात्र तिथे वेगळीच मेख आहे. अनेक जातींच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात आणि एकाच टाकीत ठेवल्यास त्यांचा सहज संकर होतो. अशी मिसळ पिल्ले शुद्ध जातीच्या नावाने विकली गेली की दोन-तीन वर्षांत गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. दुसऱ्या टोकाला डिस्कस आहे. त्याची पिल्ले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरील स्रावच खातात. भाव मोठा, पण जोखीमही तेवढीच. पहिल्याच वर्षी डिस्कसच्या मागे लागणारा लाभार्थी बहुधा दुसऱ्या वर्षी रिकाम्या टाक्या भाड्याने देण्याच्या विचारात असतो.

पाणी कोणाचे?

बोईसर-तारापूरमध्ये पाण्याचा विषय निघाला की आवाज चढतात. सूर्या नदीचे पाणी धामणी आणि कवडास धरणांतून येते आणि त्याच्यावर शेती, उद्योग आणि गावे यांच्याबरोबर वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांचाही दावा आहे. सूर्या प्रादेशिक योजनेतून या दोन शहरांसाठी रोजचे ४० कोटी ३० लाख लिटर पाणी ठरवले गेले. अशा ओढाताणीत परसातल्या टाक्यांना नळाचे पाणी मिळेल या भरवशावर कोणी बसू नये. भूजलाचे म्हणाल तर औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या विहिरींचे पाणी तपासल्याशिवाय माशांना देणे हा जुगार आहे. माणसाला चटकन जाणवणार नाही इतक्या अल्प प्रमाणातील तांबे किंवा अमोनिया अंडी आणि पिल्ले मारायला पुरतो.

पण निसर्गाने या जिल्ह्याला एक देणगी दिली आहे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाचे पाणी क्षारमुक्त, मृदू असते. एंजल आणि डिस्कस या दक्षिण अमेरिकी माशांची अंडी मृदू पाण्यात चांगली उबतात. मलावीच्या माशांना उलट जड, क्षारयुक्त पाणी मानवते आणि ते गुण कातळातल्या अनेक विहिरींच्या पाण्यात असतात. म्हणजे मनोर, विक्रमगड, जव्हारच्या बाजूला, धुराड्यांपासून दूर, छपरावरचे पाणी साठवून एंजलची आणि विहिरीच्या पाण्यावर मलावी माशांची पैदास करता येणे शक्य आहे. रंगीत माशांचे केंद्र कारखान्यांच्या सावलीत नव्हे, तर जिल्ह्याच्या पूर्व भागात वसायला हवे, असा याचा अर्थ होतो.

फसवे रंग, खरे धोके

बाजारात शॉर्टकट घेणारेही कमी नाहीत. लहान, फिकट नरांना संप्रेरके चारून वेळेआधी झळाळी आणली जाते. ती काही आठवड्यांत उतरते आणि असे मासे पैदाशीलाही निकामी ठरू शकतात. पारदर्शक माशांच्या अंगात सुईने रंग टोचण्याचा क्रूर प्रकारही जगभर झाला आहे. फ्लॉवरहॉर्न या मलेशियात घडवलेल्या संकरित माशाभोवती डोक्यावरील उंचवट्यावरून नशीब ठरवण्याचा फेंगशुईचा बाजार उभा राहिला आणि काही काळ त्याच्या किमती गगनाला भिडल्या. नंतर त्या तितक्याच वेगाने कोसळल्या. त्या लाटेवर स्वार झालेल्यांच्या हाती पुढे नुसत्या टाक्या उरल्या. वंशाने आलेला रंग आणि औषधाने आणलेला रंग यांत ग्राहकाला फरक करता येत नसेल, तर प्रामाणिक पैदासकार त्या बाजारात टिकणार नाही.

आणखी एक धोका पैशाहून मोठा आहे. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, भारतात १९५२ मध्ये आणली गेली. अवघ्या सात वर्षांत, १९५९ मध्ये, तिच्या प्रसारावर बंदीची शिफारस करण्याची वेळ आली. तोवर ती पसरली होती आणि आज अनेक जलाशयांत ती स्थानिक माशांच्या उरावर बसली आहे. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळमध्ये खासगी तळ्यांतून निसटलेले अरापैमासारखे परदेशी मासे नद्यांत सापडले. वैतरणा आणि सूर्या दर जुलैमध्ये पात्र सोडतात. त्यांच्या काठच्या उघड्या तळ्यांत ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नसारखे आक्रमक मासे ठेवण्यास परवानगी दिली गेली, तर एका पुरात जिल्ह्याच्या नद्यांचे कायमचे नुकसान होऊ शकते. तिथल्या वाड्या-पाड्यांवर पावसाळ्यात नदीचा मासा हाच आहार असतो, हे विसरून चालणार नाही.

काय करता येईल?

टाक्यांना अनुदान देणे बंद करावे असे येथे सुचवायचे नाही. पण अनुदानाचा क्रम बदलायला हवा. पहिली गरज आहे ती जिल्हा पातळीवरील वाणकोशाची. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र या दोन्ही संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. एंजल आणि मलावी माशांच्या चार-पाच नोंदणीकृत ओळी तिथे जपून लाभार्थ्याला टाकीच्या पैशांबरोबर जोड्या आणि त्यांची वंशावळ असा कागद दिला, तर सोडतीचे तिकीट संपेल. दुसरे, अनुदानाचा काही भाग टाक्या बांधून झाल्यावर न देता पहिली वीण यशस्वीपणे विक्रीला आल्यावर द्यावा. त्याने कागदोपत्री केंद्रांना आपोआप आळा बसेल. तिसरे, मंजुरीआधी पाण्याची तपासणी सक्तीची आणि मोफत असावी. चौथे, पूररेषेत उघड्या तळ्यांना परवानगी नसावी.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. रंगीत मासे काचेत चमकतात म्हणून ते समुद्राला पर्याय ठरत नाहीत. एखाद्या बोटीवर अवलंबून असलेल्या साऱ्या घरांचे उत्पन्न परसातल्या टाक्यांतून निघणार नाही, आणि तसे भासवणे ही मच्छीमारांची फसवणूक ठरेल. तारापूरचे सांडपाणी आणि वाढवणचा भराव यांवरची उत्तरे त्यांना स्वतंत्रपणे मिळायला हवीत. पण ज्या घरात एक शिकलेली मुलगी सकाळ-संध्याकाळ दोन तास टाक्यांजवळ बसू शकते, वही ठेवू शकते, त्या घराला हा व्यवसाय खरोखर हात देऊ शकतो. सरकारने तिला सिमेंट दिले आहे. आता खात्रीची एक जोडी आणि तिच्या आईबापांची नोंद दिली पाहिजे.